बनुबाईची साक्ष

गोदावरी माळीला आष्ट्यात दोन नावं होती. तोंडावर गोदाक्का आणि पाठीमागं डुलतीबाई. दुसरं नाव तिला ठाऊक नव्हतं असं नाही. भावाच्या पिठाच्या गिरणीत ती दळण घ्यायला बसायची. तिथे एकदा कुणीतरी दबक्या आवाजात ते नाव उच्चारलं, तेव्हा तिने पिठाचा डबा पुढे सरकवत म्हटलं होतं, "डुलती तर डुलती. एका जाग्याला कुजत तर न्हाई न्हवं?" गिऱ्हाइकाने डबा उचलला आणि मान खाली घालून घर गाठलं. गोदाक्काच्या जिभेला हाड नव्हतं, आणि ज्याचं सगळं जायचं ते गेलेलं आहे त्याने जीभ तरी कशाला आवरावी?

काही वर्षांपूर्वी पावसाळा सरता सरता त्या बाजूच्या गावांत तापाची साथ आली होती. मुंबईच्या एका औषध कंपनीने मोठ्या उदार मनाने शिबिर भरवलं. मंडप घातला, खाटा टाकल्या, आणि रोज सकाळ-संध्याकाळ लोकांच्या कमरेत सुया टोचल्या. फुकट ते पौष्टिक, लोकांनी रांगा लावल्या. ताप गेला. लोक म्हणाले, देवमाणसं. कंपनीची माणसं गळ्यात हार घालून, फोटो काढून परत गेली. मग काही जणांना पायाखालची जमीन हलायला लागल्यासारखी वाटू लागली.

माणसाच्या कानात आत, ऐकण्याच्या जागेला लागूनच, तोल सांभाळणारी एक जागा असते. सुईने ती जाळली होती. त्या लोकांना ऐकू येत होतं, दिसत होतं, हातपाय धड होते. फक्त तोल गेला होता. उजेडात जमिनीकडे बघत बघत ती माणसं चालायची, कारण आपण उभे आहोत हे डोळे सांगायचे. डोळे मिटले की खेळ संपला. तोंडाला साबण लावला की माणूस न्हाणीत आडवा. दिवस मावळला की उंबऱ्याबाहेर पाऊल टाकायची सोय नाही. रहिमान हा आष्ट्यातला नावाजलेला गवंडी, परांचीवर उभा राहून भिंती चढवणारा. तो आता जमिनीवर बसून दुसऱ्यांच्या विटा भिजवत होता. पाच वक्त नमाज पढणाऱ्या ह्या माणसाला झिंगतो म्हणून पोलिसांनी एकदा चौकीत बसवून ठेवलं होतं. गोदावरीच्या नवऱ्याने तर चार महिने वाट बघितली आणि दुसरी केली. पाणी भरता येत नाही, शेतात जाता येत नाही, अशी बायको काय पूजेला ठेवायची, असं तो चारचौघांत म्हणाला. गोदावरीने तेही ऐकून घेतलं, आणि भावाच्या घरी आली.

आल्यावर ती रडत बसली नाही. गिरणीत गावोगावची माणसं यायची. त्यांच्याकडून तिने शिबिरातल्या माणसांचा माग काढला, एकेकाला भेटली, एकत्र बसवलं. उभं कसं राहायचं, हेही तिनेच त्यांना शिकवलं. पायांची बोटं पसरायची, जमीन पकडायची, गुडघे थोडे सैल सोडायचे, एका ठिकाणी नजर रोवायची. लहान पोरांना शिकवावं तसं तिने चाळिशीच्या-पन्नाशीच्या माणसांना अंगणात उभं केलं आणि पडले की शिव्या घातल्या. मग अर्ज, मोर्चे, उपोषणं झाली. शेवटी सरकारने एक समिती नेमली. ह्या लोकांना अपंग म्हणायचं का, आणि ते औषधाने झालेत का, एवढं त्या समितीने ठरवायचं होतं. समितीने हो म्हटलं तर दाखला मिळणार होता, पेन्शन मिळणार होती, कंपनीकडे भरपाई मागता येणार होती. नाही म्हटलं, की ही सगळी माणसं जन्मभर दारुडी, सोंगाडी आणि आळशी.

पहिली सुनावणी सांगलीला झाली. अध्यक्ष निवृत्त मोठे डॉक्टर होते, वाईट माणूस नव्हते, पण त्यांचा विश्वास डोळ्यांना दिसेल त्यावरच. त्यांनी रहिमानच्या गुडघ्यावर हातोडी मारली. पाय उडाला.

"पाय तर उत्तम आहे," ते म्हणाले. "दिसतं?"

"दिसतंय."

"ऐकू येतं?"

"येतंय, साहेब."

"मग अपंग कुठे आहात?"

गोदावरी उठून म्हणाली, "डोळे मिटून उभं करा त्यास्नी. मग बगा."

एकेकाला डोळे मिटून उभं केलं. आणि जी घटका यायला नको होती तीच आली. गोदावरीने इतकी वर्षं अंगणात गिरवून घेतलेलं सगळं त्यांच्या पायांनी आपसूक केलं. बोटं पसरली, गुडघे सैल झाले, माणसं हलली, झोकांडली, पण अध्यक्ष "बस" म्हणेपर्यंत कशीबशी उभी राहिली. कंपनीचा वकील गालातल्या गालात हसला. आपणच आपल्या माणसांना शिकवून ठार केलं, असं गोदावरीला वाटलं आणि तिचे डोळे भरून आले. अध्यक्षांनाही काहीतरी वाटलं असावं. ते म्हणाले, "बाई, एक तरी केस अशी आणा की जिच्याबद्दल शंकाच राहणार नाही. मग तिच्याबरोबर बाकीच्यांचाही विचार करता येईल."

अशी केस कोण, हे गोदावरीला तिथल्या तिथे आठवलं. शिबिरात तिच्या शेजारच्या खाटेवर बनुबाई होती. कुंडलच्या पुढे डोंगराकडेला एक वाडी आहे, तिथली ही विधवा बाई. तिला सगळ्यांत जास्त सुया टोचल्या होत्या, आणि बाकीच्यांच्या आधीच, शिबिर उठतानाच, ती खाटेवर उठूनसुद्धा बसू शकत नव्हती. ती गोदावरीच्या अंगणात कधी आली नव्हती, त्यामुळे तिला उभं राहायला कुणी शिकवलंही नव्हतं.

पुढच्याच शुक्रवारी गोदावरी वाडीला गेली. लक्ष्मीआईच्या देवळापुढे ही गर्दी. आरती चालली होती, आणि सगळ्यांच्या पुढे पाटावर, हिरव्या साडीत, कपाळभर मळवट भरून बनुबाई उभी होती. आरती संपत आली, सगळ्यांनी हात जोडून डोळे मिटले, बनुबाईनेही मिटले. आणि ती उभीच्या उभी खाली आली. दोन बायांनी तिला वरचेवर झेललं. "आई आली," म्हणत गाव जमिनीला टेकलं. ओट्या भरल्या जाऊ लागल्या, नारळ फुटू लागले. उभं राहून हे बघणारी एकटी गोदावरी होती. देव सगळीकडे असतो म्हणतात, पण तो कंपनीच्या सुईतून अंगात येतो हे तिने पहिल्यांदाच पाहिलं.

गर्दी पांगल्यावर ती बनुबाईच्या शेजारी जाऊन बसली.

"वळखलं का, बनुबाई?"

"वळखलं की. खाटंवर लय कण्हायचीस तू." बनुबाई हसली. "अजून तशीच वाळल्याली हाईस, गोदे."

"तुमच्या अंगात देवी येत न्हाई, बनुबाई. तुमच्या कानातली शीर जळलीया. माजी बी जळलीया."

"हळू बोल." बनुबाईने आजूबाजूला पाहिलं. "माज्या अंगात काय येतंय ते मला ठाव हाय. पर ताटात काय येतंय ते बी ठाव हाय. दिरानं, नानासोनं, मला गोठ्यात टाकली हुती. घागर घिऊन पडले की म्हनायचे, रांड दारू पिती. शिळा तुकडा कुत्र्याच्या आदी टाकायचा का मागनं, हे बी ठरल्यालं नसायचं. मग नवरात्रात आरतीला उभी ऱ्हायले, डोळं मिटलं आन् पडले. उठले तवा ह्योच नानासो पायाशी बसला हुता. आता माज्या पायाला हात लावल्याबिगार त्यो जेवत न्हाई."

"आनि खरं काय हाय ते?"

"खरं खाऊन कोन जगलंय गं?"

गोदावरीने समितीचं सगळं सांगितलं, हात जोडले, रहिमानच्या पोरांच्या शपथा घातल्या. बनुबाई ऐकत राहिली आणि मान हलवत राहिली. शेवटी गोदावरीचा तोल गेला, म्हणजे जिभेचा. "असलं सोंग घिऊन जगण्यापरास गोठा बरा," ती म्हणाली.

"तू चार दिस गोठ्यात ऱ्हाऊन बग," बनुबाई शांतपणे म्हणाली, "मग सांग."

गोदावरी रागारागाने परत आली. सगळ्या रस्ताभर तिने बनुबाईला मनातल्या मनात धुवून काढली.

दिवाळी होऊन गेली. एका दुपारी गिरणीच्या दारात एस.टी.तून उतरून कुणीतरी भिंतीला धरून धरून आलं. बनुबाई होती. कोपर सोललेलं, साडीला धूळ, कपाळ मोकळं. गोदावरीने तिला आत घेऊन पाणी दिलं. बनुबाईने ते हातात तसंच धरून ठेवलं.

"शालनचं पोरगं गेलं," ती म्हणाली.

शालन तिच्या शेजारची, फौजेतल्या माणसाची बायको. पोरगं चार वर्षांचं, एकुलतं. त्याला ताप भरला, मान ताठ झाली. कुंडलचा डॉक्टर म्हणाला, आत्ता सुई देतो आणि लगेच सांगलीला न्या. शालनची सासू म्हणाली, आधी आईला विचारू. पोराला घेऊन सगळे देवळात आले. डॉक्टरही बिचारा सुई भरून मागोमाग आला होता. आरती झाली, बनुबाई पडली, आणि पडल्या पडल्या तिला विचारलं, सुई द्यायची का?

"माज्या डोळ्याम्होरं त्यो मंडप आला, गोदे. त्या खाटा आल्या. त्यो पांढऱ्या कपड्यातला मानूस आला. आन् माज्या तोंडातनं निगालं, सुई नगं, लेकराला सुई नगं. शालननं डाक्टरचा हात धरला. तिसऱ्या दिशी पोरगं गेलं." बनुबाईने हातातलं पाणी खाली ठेवलं. "देवी न्हवती गं तितं. मी हुते. भ्याल्याली."

गोदावरी तिचं सोललेलं कोपर पुसू लागली.

"तूच सांगत फिरतीस न्हवं गावागावात, सुई घ्याच्या आदी धा डाव इचार करा म्हनून? आमच्या वाडीत बी तुजं बोलनं आलं हुतं."

गोदावरी तसं सांगत फिरायची, हे खरं होतं. कसली सुई, कशासाठी, किती, एवढं विचारा, असं तिचं म्हणणं. वाडीला पोचेपर्यंत त्यातलं काय उरलं होतं कोण जाणे.

"मी काय करू, सांग," बनुबाई म्हणाली. "शालन हिरीवर जाऊन बसती. दोनदा उठवून आनली. रडत बी न्हाई. नुसती बसती."

खरं सांगायचं तर त्या क्षणी गोदावरीच्या मनात पहिल्यांदा आलं ते हे, की साक्षीदार मिळाली. लेकराचं दुःख दुसऱ्यांदा आलं. ह्याची तिला पुढे फार लाज वाटली, पण आलं ते आलं. ती म्हणाली, "खरं सांगा, बनुबाई. समितीपुढं सांगा. खरं कळलं की शालन बी मोकळी व्हईल."

बनुबाईने मान हलवली. या वेळी ती होकाराची होती.

सांगलीच्या सुनावणीत बनुबाईला डोळे मिटून उभं केलं, आणि दोन शिपाई शेजारी होते म्हणून तिचं डोकं वाचलं. समितीत डॉक्टर सुमंत म्हणून एक तरुण कानाचे डॉक्टर नव्याने आले होते. त्यांनी बर्फाचं पाणी मागवलं, बनुबाईला आडवं निजवलं आणि पिचकारीने ते तिच्या कानात सोडलं. धडधाकट माणसाच्या कानात असं पाणी गेलं तर जग गरागरा फिरतं, बुबुळं थरथरतात, माणूस ओकतो. बनुबाई छताकडे बघत निवांत पडून राहिली. "गार हाय," एवढंच म्हणाली. दुसऱ्या कानाचंही तेच. डॉक्टर सुमंतांनी अध्यक्षांकडे बघून सांगितलं, "दोन्हीकडे पूर्ण मेलंय, सर. शून्य."

मागे बसलेल्या रहिमानने हळूच गोदावरीच्या हातावर हात ठेवला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी त्यांच्याबद्दल "मेलंय" असं म्हटलं होतं, आणि त्यांना आनंद झाला होता. असले आनंद वैऱ्याच्या वाट्यालाही येऊ नयेत.

मग वकील उठला. त्याच्या हातात एक फोटो होता. मळवट भरलेली बनुबाई, पायाशी सगळी वाडी. "ह्या बाईंच्या अंगात देवी येते," तो म्हणाला. "गावातले लोक सांगतात की त्यांना हे पूर्वीपासूनच आहे. मेलं असेल, पण आमच्या औषधाने मेलं कशावरून?"

अध्यक्षांनी फोटो बघितला, चष्मा काढला, पुसला, परत घातला. "आपण वाडीला जाऊ," ते म्हणाले. "बाईंनी गावासमोर स्वतः सांगावं की देवी वगैरे काही नाही, हे सुईनंतर झालंय. गावासमोर सांगितलं तर मी मान्य करतो. ह्यांचं मान्य झालं की बाकीच्यांनाही तेच लागू."

म्हणजे एका बाईच्या एका वाक्यावर सगळं येऊन थांबलं.

समितीची जीप दुपारी यायची होती, ती वाटेत बंद पडून उन्हं कलल्यावर आली. देवळापुढच्या पारावर खुर्च्या मांडल्या होत्या. गाव झाडून जमा झालं होतं. नानासो पांढरंशुभ्र धोतर नेसून पुढे उभा होता, आणि तोंड असं की कुणीतरी त्याचा उभा ऊस पेटवला आहे. गोदावरी आणि रहिमान एका बाजूला होते. बनुबाई पाराला धरून उभी राहिली. अंगावर साधं जुनेर होतं.

"सांगा, बाई," अध्यक्ष म्हणाले.

बनुबाईने गावाकडे बघितलं. "माज्या अंगात देवी येत न्हाई," ती म्हणाली.

पुढच्या बायांनी कानांवर हात ठेवले.

"कवाच आली न्हाई. शिबिरातल्या सुईनं माजा तोल गेलाय. डोळं मिटलं की मी पडती. तुमी त्याला देवी म्हनला आन् मी गप ऱ्हायले. पोटासाटी गप ऱ्हायले."

"ही बोलत न्हाई, आईचा कोप बोलतुया," नानासो ओरडला. "सांगलीला नेऊन काय पाजलंय हिला, इचारा की त्यास्नी."

"त्यांना बोलू द्या," अध्यक्ष म्हणाले, आणि त्यांनी कारकुनाला लिहायची खूण केली. लेखणी चालू झाली. गोदावरीला ती दिसत होती. झालं, असं तिने मनात म्हटलं. अंगणात पडलेली ती सगळी माणसं, त्यांची फुटलेली ढोपरं, ठोठावलेले ते सगळे दरवाजे, ते हसणारे चेहरे, सगळं आता कामी आलं.

तेवढ्यात बायांच्या घोळक्यातून एक जण पुढे आली. हडकलेली, डोक्यावरचा पदर खाली पडलेला, केसांना कित्येक दिवसांत तेल नाही. कुणी न सांगता गोदावरीला कळलं, ही शालन.

"आईसाब, एक इचारू?" ती म्हणाली.

बनुबाईने पाराची कड घट्ट धरली.

"सुई नगं, असं मग कोन म्हनलं?"

"बाई, ते आपण नंतर बघू," अध्यक्ष म्हणाले. शालनने ते ऐकलंच नाही.

"डाक्टर सुई भरून उभा हुता. म्या त्याचा हात धरला, असा, मनगटाला. देवी म्हनली म्हनून धरला. देवीनं नेलं म्हनून मी इतके दिस तग धरून हाय. आता तुमी म्हनता देवी न्हवतीच. मग म्या कुनाचं ऐकलं?"

"माजं ऐकलंस," बनुबाई म्हणाली. "चूक माजी हाय, पोरी. तुजी न्हाई."

"तुमी आजारी बाई. भ्याल्याली, आजारी बाई." शालन तिच्याकडे न बघता बोलत होती. "डाक्टर खरं सांगत हुता, आन् त्याचं सोडून म्या एका आजारी बाईचं ऐकलं. म्हंजी पोरगं म्याच मारलं की. दुसरं कोन?"

"न्हाई गं."

"मग देवी म्हना." शालनने आता तिच्याकडे बघितलं. "एकडाव म्हना. मला घरला जायाचं हाय. न्हाईतर मी आज घरला जात न्हाई, मी सांगून ठेवती."

विहीर देवळाच्या मागेच होती. ते वाडीत सगळ्यांनाच माहीत होतं.

बनुबाईने मान वळवून गोदावरीकडे बघितलं. त्या बघण्यात विनवणी नव्हती, परवानगीही मागितलेली नव्हती. एकीने दुसरीला सांगून जावं, तेवढंच होतं. मग तिने पाराची कड सोडली, दोन्ही पाय जुळवले, हात जोडले आणि डोळे मिटले.

गोदावरी तिच्यापासून हातभर अंतरावर उभी होती. इतकी वर्षं कुणी असं डोलायला लागलं की तिचा हात विचार करायच्या आत पुढे जायचा. त्या दिवशी तो गेला नाही. बनुबाई सरळ पुढे कोसळली, पाराच्या दगडावर कपाळ आपटल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. तिने डोळे उघडले नाहीत. रक्त भुवईवरून खाली आलं, आणि ती घोगऱ्या, मोठ्या आवाजात म्हणाली, "लेकरू मी नेलं. माज्या वटीत हाय. माज्याजवळ खेळतंया. तू रडू नगंस."

गाव खाली बसलं. नानासोने पागोटं काढून दगडावर ठेवलं. शालन बनुबाईच्या पायांवर पडली आणि रडायला लागली. पोर गेल्यापासून ती रडली नव्हती. आता जे आतून बाहेर यायला लागलं ते ऐकवत नव्हतं, तरी तिथल्या प्रत्येक बाईला वाटलं की ही आता वाचली.

वकिलाला काही म्हणायची गरजच उरली नव्हती. कारकुनाने लेखणी थांबवली होती. डॉक्टर सुमंत खुर्चीतून अर्धवट उठले आणि अध्यक्षांच्या कानाशी लागून घाईघाईने काहीतरी बोलले. अध्यक्षांनी ऐकलं, आणि मग ते गोदावरीकडे वळले.

"गोदावरीबाई, तुम्ही ह्यांना शिबिरापासून ओळखता," ते म्हणाले. "आत्ता जे बोलल्या ते सोंग आहे, असं तुम्ही इथे म्हणालात, तर त्यांनी आधी सांगितलं ते मी कायम ठेवतो. तुमचा शब्द पुरेसा आहे. हे औषध आहे की देवी?"

डॉक्टर सुमंत तिच्याकडे बघत होते. बोला, असं त्यांच्या तोंडावर लिहिलेलं होतं. रहिमान तिच्याकडे बघत होता. शालनचं रडणं मध्येच थांबलं होतं. पायांवरून डोकं न उचलता ती ऐकत होती.

गोदावरीने ह्या एका प्रश्नासाठी नवऱ्याचं घर सोडल्यापासूनचं सगळं आयुष्य घातलं होतं. मुंबईला मंत्रालयाच्या पायऱ्यांवर ती दोनदा पडली होती. ह्याचं उत्तर तिला झोपेतही पाठ होतं.

"देवी," ती म्हणाली.

अध्यक्षांनी कारकुनाला मान हलवून खूण केली आणि कारकुनाने लिहिलं. जीप निघून गेली. बनुबाईच्या कपाळाची जखम बांधायला गोदावरी पुढे झाली, तर बायांनी तिला अडवलं. अंगात असताना आईला परक्यांनी शिवायचं नसतं, त्या म्हणाल्या. त्यांनी जखमेत हळद भरली.

वाडीपासून फाट्यापर्यंत कच्चा रस्ता होता. गोदावरी आणि रहिमान निघाले तेव्हा दिवस बुडाला होता.

"आक्का, माज्या बी घरात पोरं हायती," रहिमान म्हणाला.

"ठाव हाय."

"परवा धाकटा पोरांत मारामारी करून आला. तुजा बाप बेवडा म्हनले म्हनून."

"ठाव हाय, रहिमान."

"तरी बी तुमी असं बोलला."

"तरी बी," गोदावरी म्हणाली. आणखी काही सांगता आलं असतं, पण त्याला ते सांगायचं तोंड तिला नव्हतं. त्याचं काही चुकत नव्हतं. तिचंही चुकलं होतं असं तिला वाटत नव्हतं, आणि ह्यातच सगळी गोम होती.

अंधार झाला. पायाखालचा रस्ता दिसेनासा झाला तशी गोदावरीने सवयीने हात पुढे केला. असं कुठे उशीर झाला की ती माणसं एकमेकांचा हात धरून चालायची. दोन पडणारी माणसं एकमेकांना धरून जवळजवळ एका धडधाकट माणसाइतकी उभी राहतात. तिचा हात रिकामाच राहिला. रहिमान पुढे चालत होता. मग रस्त्याखालच्या मोरीपाशी तो पडला. खडी सरकल्याचा आणि अंग आदळल्याचा आवाज आला. गोदावरी बसली आणि हात टेकत, जमीन चाचपत त्या आवाजाच्या दिशेने गेली. तिचा हात त्याच्या खांद्याला लागला.

त्याने तो हळूच बाजूला केला. तो स्वतःच उठला, झोकांडला, उभा राहिला, आणि फाट्याकडे चालू लागला.